बेक लेनचे शनिवार

क्रॅगडन टाउनने बेक लेनचं मैदान विकलं तेव्हा गावातल्या पबांमधून महिनाभर भांडणं चालली. क्लब गळ्यापर्यंत बुडालाय, विकल्याशिवाय गत्यंतर नाही असं म्हणणारे एकीकडे, आणि बापजाद्यांची जागा सुपरमार्केटच्या घशात काय घालता असं म्हणणारे दुसरीकडे. एनिड गॉर्टन कुठल्याच बाजूला नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली, "माझा चहाचा बंब कुठे ठेवणार?" नव्या मैदानावर चहा यंत्रातून मिळणार होता.

एनिडने चहाच्या टपरीत आयुष्य काढलं होतं. आधी आईच्या हाताखाली, मग एकटीने, लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, तरी शनिवार तिथेच. टपरी मैदानाच्या मुख्य स्टँडच्या पाठीला चिकटलेली. तिच्या खिडकीतून दिसायची ती गिऱ्हाइकांची तोंडं आणि पलीकडची विटांची भिंत. मैदानाचं एक गवताचं पातंही दिसत नसे. त्यामुळे जन्म बेक लेनवर गेला तरी बाईने पुरता एकही सामना पाहिला नव्हता. जे काही कळलं ते कानांनी. कॉर्नर मिळाला की गर्दी आधी जमिनीलगत घोंघावते. पेनल्टी मिळाली की शिट्ट्या, आणि मग प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी शांतता. आपला गोल झाला की बंबाचं झाकण थरथरतं. दुसऱ्यांचा झाला तर दाराशी उभा असलेला माणूस शिवी देतो आणि ती शिवीसुद्धा ऐकू येते, इतकं बाकी सगळं गप्प होतं. खिडकीशी आलेल्या माणसाने "काय चाललंय आत?" विचारलं, तर एनिड दूध ओतता ओतता सांगायची, "आपला एक गोल कमी, पण पोरं चढलीत अंगावर."

नव्या मैदानावर ती लेकीबरोबर, लॉरेनबरोबर, दोनदा जाऊन आली. रिंगरोडच्या पलीकडे, गाड्यांच्या शोरूमला लागून. लोक ओरडत होते, पण आवाज पत्र्याला लागून वर उडून जात होता, अंगावर येत नव्हता. तिसऱ्या शनिवारी ती गेलीच नाही. तसंही रंगारी त्या दिवशी बाहेरगावी खेळत होते. रंगारी म्हणजे क्रॅगडन टाउनच. रंगाच्या कारखान्यातल्या पोरांनी चॅपलच्या पाद्र्याला पटवून क्लब काढला, तेव्हापासून हेच नाव.

दुपारी ती खाटकाकडून हॅम घेऊन बेक लेनने घरी निघाली. स्टँड पाडून झाले होते. तारेच्या कुंपणाआड नुसतं मैदान उरलं होतं, गुडघाभर रान माजलेलं, आणि पलीकडे चॅपलच्या बाजूला ओढा. हॅमची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला ती थांबली, आणि तेवढ्यात आवाज आला.

हजारो माणसं एकदम उभी राहिल्याचा आवाज.

आधी तिला वाटलं, वाऱ्यावर कुठून तरी येतोय. पण वारा पाठीमागून येत होता. आवाज समोरून, रिकाम्या गवतातून. मग ब्रास बँड वाजायला लागला, आणि ट्रम्पेटवाल्याचा सूर नेमक्या जागी घसरला. तो घसरलेला सूर एनिडने ओळखला. गेल्या मे महिन्यात, बेक लेनवरच्या शेवटच्या सामन्याला, हाच बँड हेच गाणं वाजवताना हाच माणूस इथेच चुकला होता. तेव्हा ती बंब पुसत रडत होती. आता ती कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. रस्त्याने एक बाई बाबागाडी ढकलत गेली. तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी एनिड मुद्दाम तीनला तिथे गेली. आवाज होता, पण बँड नव्हता. ही गर्दी वेगळी होती, मोठी, बेफाम. एकाच पोराचं नाव ती पुन्हा पुन्हा पुकारत होती. तो पोरगा तिला चांगला आठवत होता. रंगाऱ्यांना लीगमध्ये परत आणणारा गोल त्याने मारला त्याला दहा वर्षं झाली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आली ती चिडलेली, हताश, भिजलेली गर्दी. तोही सामना तिला कळला. बाकीच्या क्लबांनी मतं टाकून रंगाऱ्यांना लीगबाहेर काढलं, त्या वर्षीचा शेवटचा.

प्रत्येक शनिवार आदल्या शनिवारापेक्षा जुना होता.

तिने लॉरेनला सांगितलं. लॉरेन इस्त्री करत होती, ती तिने बाजूला ठेवली.

"आई, कानात शिट्टी वाजते का गं? वयाने वाजते."

"शिट्टी नाही वाजत. उलट रेफ्रीची शिट्टी ऐकूच येत नाही. नुसती माणसं."

"कुठली माणसं?"

"आपलीच की. दुसरी कुठली?"

लॉरेनने तिला कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या पोरीने तिच्या कानांवर डबे चढवले, खटके दाबले आणि सांगितलं की डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा त्याच वाटेवर आहे.

"ऐकलंस ना?" लॉरेन गाडीत म्हणाली. "कान गेलेत तुझे. म्हणजे कमी ऐकू यायला पाहिजे. तुझं आपलं उलटंच."

"मग मी काय करू? बेक लेनला सांगू का, जरा हळू म्हणून?"

लॉरेन हसली नाही. तिने आईचा हात दाबला आणि गाडी चालू केली. त्यानंतर एनिडने घरात तो विषय काढला नाही. शनिवारी जेवण उरकून ती कोट चढवायची आणि "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायची.

सप्टेंबरच्या अखेरीला कुंपणाशी आधीच कुणीतरी उभं होतं. टोपी, काठी, उंच पण वाकलेला म्हातारा. एनिडने त्याला लांबूनच ओळखलं आणि तिची पावलं जड झाली. विल्फ ॲस्पिनॉल. एकाच गावात राहून, एकाच बाजारात भाजी घेऊन, चोपन्न वर्षं ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती. तो समोरून आला की ती रस्ता ओलांडायची. त्यानेही कधी हाक मारली नव्हती.

त्याचं कारण गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणी बोलत नसे. एकावन्न सालच्या जानेवारीत, धुकं पडलेल्या एका शनिवारी, पहिल्या विभागातला मोठा क्लब चषकाच्या सामन्यासाठी क्रॅगडनला आला. बेक लेनवर एवढी गर्दी त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही. डायरेक्टर मंडळींनी दारं बंद करायची तेव्हा केली नाहीत. चॅपलच्या बाजूच्या पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटून उभा होता आणि त्यांच्या पाठीशी होती ती जुनी दगडी भिंत. भिंतीपलीकडे खोल ओढा. दुसऱ्या हाफमध्ये रंगाऱ्यांचा गोल झाला. गर्दी पुढे उसळली, कठड्यावर आपटली, आणि लाटेसारखी मागे आली. भिंत गेली. सकाळी कारखान्याने सोडलेला रंग ओढ्यातून अजून वाहत होता, किरमिजी. खाली उतरलेल्यांना रक्त कुठलं आणि रंग कुठला तेच कळेना. सात माणसं गेली. त्यातला एक एनिडचा थोरला भाऊ, सिरिल. आणि गोल मारणारा होता विल्फ ॲस्पिनॉल.

विल्फचा यात काडीचा दोष नव्हता. हे एनिडची आई म्हणायची, पाद्री म्हणायचा, एनिडलाही पटायचं. पण पटणं वेगळं आणि त्याच्या तोंडाकडे पाहणं वेगळं. विल्फने त्या दिवसानंतर बूट खुंटीला टांगले ते टांगलेच. बसवर कंडक्टर झाला, आणि बस बेक लेनला थांबली की दुसरीकडे पाहायचा म्हणे.

आता तो कुंपणाला टेकून उभा होता. एनिड परत फिरणार, एवढ्यात तो मान न वळवता म्हणाला, "डावीकडून कोण पळतंय, ओळखू येतं का तुम्हाला?"

ती जागीच थांबली. "कोण पळतंय?"

"पायांचा आवाज हलका आहे. बॉल पायाला चिकटल्यासारखा नेतोय. मला नावं नाही माहीत, मी नंतर कधी आलोच नाही. पण तुम्हाला ठाऊक असणार." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "का तुम्हाला काही ऐकू येत नाही? तसं असेल तर सांगून टाका, म्हणजे मी डॉक्टरकडे जातो."

"मला पाय नाही ऐकू येत," एनिड म्हणाली. "मला माणसं ऐकू येतात. गर्दी."

"गर्दी?" आता त्याने मान वळवली. डोळे पाणावलेले, म्हाताऱ्यांचे असतात तसे. "मला गर्दीचा ग नाही ऐकू येत. नुसते बूट. बॉलचा ठोका. पोरं एकमेकांना हाका मारतायत."

मग गवतातून एनिडला तो आवाज आला, जमिनीलगतचा, घोंघावणारा.

"कॉर्नर मिळाला," ती म्हणाली.

"मिळाला," विल्फ म्हणाला. "ठेवलाय बॉल. तो हलक्या पायांचाच मारणार बहुतेक."

"मग तो लेन हेसलडीन. अडुसष्ट साल. आता बघा, गोल होणार." आणि तिच्या कानांत बेक लेन फुटली.

विल्फने टोपी काढली आणि परत घातली. "डोक्याने मारला कुणीतरी," तो हळूच म्हणाला. "चांगला मारला."

तिथून पुढे ते प्रत्येक शनिवारी भेटत गेले. ठरवलं कुणीच नाही. ती आपली थर्मास आणायची, तो दोन बिस्किटं रुमालात. तिच्याकडे गर्दी, त्याच्याकडे मैदान. दोघांचं जोडलं की सामना पुरा व्हायचा. ती नावं सांगायची, कोण कुणाचा पोरगा, कुणाचं लग्न कुठल्या पोरीशी मोडलं, कुठला गोलकीपर डोळ्यांनी अधू निघाला. तो सांगायचा की मधल्या फळीतला हाफबॅक आळशी आहे, बॉल आला की वळतच नाही. चौसष्टच्या बर्फातला सामना आला तेव्हा विल्फ हसायला लागला. "सगळे घसरतायत. बाई, इथे फुटबॉल नाही, बदकं पकडायचा खेळ चाललाय."

"तेव्हा माझा बंब गोठला होता," एनिड म्हणाली. "लोकांना कोमट पाणी पाजलं मी. एकाने चहा म्हणून दोनदा मागून घेतलं."

एकदा तिने त्याला विचारलं, "असं उलटं का येतंय हे सगळं?"

विल्फने काठीने माती उकरली. "मैदान गाशा गुंडाळतंय. गाशा गुंडाळताना शेवटचं असतं ते आधी हाताला लागतं."

दोघांनाही कळत होतं हा गाशा कुठवर गुंडाळला जाणार ते. ऑक्टोबर गेला, साठचं दशक मागे पडलं. नोव्हेंबरमध्ये धुकं यायला लागलं. एका शनिवारी एनिडला गर्दीच्या आतून, अगदी जवळून, आईचा आवाज आला: "कप, कप! स्वप्न काय बघतेस?" आणि पाठोपाठ एक पोरगी खळखळून हसली. ते हसू कुणाचं, एवढं मोकळं, याचा ती विचार करत राहिली. ती आपणच आहोत हे कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिने थर्मासचं झाकण इतकं घट्ट धरलं की बोटांवर वळ उठले.

"त्रेपन्न साल," ती विल्फला म्हणाली. "आई अजून होती."

"पुढच्या वेळी मी येणार नाही," तो म्हणाला.

"बरं."

"मला ते पुन्हा मारायचं नाही, एनिड."

त्याने तिला नावाने हाक मारली ती ही पहिलीच वेळ. तिला वाटलं होतं, राग येईल. आला नाही. "मीसुद्धा येईनच असं नाही," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी धुकं इतकं होतं की कुंपणापासून गवताचा पहिला पट्टाच काय तो दिसत होता. कुंपणावर ठेकेदाराची नवी पाटी लागली होती: सोमवारपासून काम सुरू. एनिड आली तेव्हा विल्फ तिथे उभा होता. कोटाच्या आत त्याने रंगाऱ्यांचा जुना मफलर घातला होता, कसर लागलेला. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कुणी बिस्किट काढलं नाही.

आवाज सुरू झाला, आणि तो आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. धुक्याच्या मागे अख्खं गाव उभं होतं. लोक सामन्याला फिरवायचे ते लाकडी खुळखुळे, खोकणं, कुणीतरी कुणाच्या तरी पोराला खांद्यावर घेतल्याची हाक. एनिड डोळे मिटून ऐकत होती. पहिला हाफ संपला. आता टपरीसमोर रांग लागली असणार. तिच्या कानांत नाण्यांचा, कपांचा खडखडाट, आणि मग एकदम जवळ, खिडकीच्या फळीवर कोपर टेकून बोलावं तसा आवाज:

"एनिड, साखर जरा सढळ हाताने घाल की. तुझ्या बापाची आहे का?"

"आपला बाप एकच आहे, गाढवा," एक पोरगी म्हणाली. "चल हो बाजूला, लोक थांबलेत."

चोपन्न वर्षांत एनिडला सिरिल शेवटचं काय बोलला ते कधीच आठवलं नव्हतं. त्या दिवशी रांग मोठी होती. त्याच्या हातात दोन कप दिले एवढंच आठवायचं, आणि कारखान्याच्या रंगाने निळी पडलेली त्याची नखं. तिने धुक्यात पाऊल टाकावं तसं कुंपणाला अंग लावलं. "सिरिल," ती म्हणाली. "थांब ना इथेच. बाहेर गारठा आहे, आत ये, बंबापाशी ये." पण पावलं चालू लागली होती, आणि तो एक आवाज बाकीच्या हजारोंमध्ये मिसळून गेला.

विल्फने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. "सुरू झाला. दुसरा हाफ सुरू झाला." मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास. मग, "बॉल माझ्याकडे येतोय. उजवीकडून येतोय. अरे देवा, त्या पोराचा श्वास ऐकू येतोय मला. माझाच." आणि अचानक तो ओरडला, म्हातारा, फाटक्या आवाजात, कुंपणाची तार दोन्ही हातांनी हलवत, "नको मारूस! अरे सोडून दे! बाहेर घाल बॉल, बाहेर घाल!"

एनिडच्या कानांत सगळी गर्दी श्वास घेऊन थांबली. आणि मग तो आवाज आला, ज्याला तिने सतराव्या वर्षी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

विल्फ खाली बसला. ओल्या गवतातच बसला, पाय पसरून. तिला वाटलं, आता कानांवर हात ठेवावेत. पण तिने ठेवले नाहीत. गर्दीचा आवाज पुढे गेला, आपटला, मागे आला, आणि मग वाकडा झाला. दगड ढासळल्याचा आवाज तिला आला नाही, ओढ्याचाही नाही. आली ती फक्त माणसं, आधी ओरडणारी, मग हाका मारणारी, मग एकेक करून गप्प होणारी. चॅपलची बाजू गप्प झाली. मग बाकीच्या बाजू. शेवटी काहीच उरलं नाही. धुकं, आणि गवतावर थेंब पडतायत ते.

"संपलं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मला काही ऐकू येत नाही आता. उठ विल्फ, ओलं आहे खाली."

"नाही संपलं," विल्फ म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी आम्ही खेळत राहिलो. धुक्यात कुणाला काय माहीत? रेफ्रीलाही कळलं नाही. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि आम्ही पळत होतो." त्याने मान एका बाजूला कलती केली. "अजून पळतायत. पण एनिड, बूट जास्त आहेत."

"जास्त म्हणजे?"

"दोन संघांपेक्षा जास्त. आणि हे फुटबॉलचे बूट नाहीत. खिळ्यांचे आहेत, कारखान्यातले. चॅपलच्या बाजूने आलेत मैदानात." तो आता कुजबुजत होता. "कुणीतरी बॉल मागतंय. 'विल्फ, इकडे! विल्फ, मी मोकळा आहे!' सारखा मागतंय."

एनिड त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. सिरिलने रंगाऱ्यांसाठी तीनदा चाचणी दिली होती. मॅनेजरने तिन्ही वेळा परत पाठवलं: पाय बरे आहेत, दम नाही. दर वेळी तो घरी येऊन ताटावर बसायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी.

"मग दे ना त्याला," ती म्हणाली.

"मी कसा देणार? मी इथे आहे."

"तू तिथेही आहेस. सांग त्या पोराला. दे म्हणावं."

विल्फने डोळे मिटले. त्याने काय केलं, मनात काही बोलला की नुसता ऐकत राहिला, ते एनिडला कळलं नाही. तिने एवढंच पाहिलं, की म्हाताऱ्याचा उजवा पाय, ओल्या गवतात पसरलेला, घोट्यातून किंचित हलला.

आणि रिकाम्या झालेल्या त्या सगळ्या मैदानावर, जिथे ऐकायला कुणी उरलं नव्हतं, एनिडला गर्दी उठलेली ऐकू आली. मोठी नव्हती. सहा-सात माणसं असावीत. पण ती अशी ओरडली, की रस्त्यापलीकडच्या छपरावरची कबुतरं फडफडत उडाली. कबुतरं विल्फनेही पाहिली.

त्यानंतर दोघांनाही काही ऐकू आलं नाही.

उठायला त्याला तिचा आणि तिला कुंपणाचा आधार घ्यावा लागला. ते सावकाश उतारावरून खाली आले. बसथांब्यावर विल्फ म्हणाला, "तो बोलायचा कसा? सिरिल? मला आठवतच नाही. चाचणीला आला होता एवढं माहीत होतं."

"तोंडाळ होता," एनिड म्हणाली. "चहात साखर जास्त लागायची." आणि मग ती बोलत राहिली. पहिली बस आली आणि गेली, दुसरीही गेली.

सोमवारी यंत्रं आली. पुढच्या शनिवारी ती दोघं गेली, पण माती उकरलेली होती आणि कामगार वाफाळते कप घेऊन बसले होते. ऐकू आला तो फक्त त्यांचा रेडिओ. एकावन्नच्या आधीचा काळ, युद्धाच्याही आधीचा, रंगाऱ्यांच्या अगदी पहिल्या सामन्यापर्यंतचा, मैदानाने गुंडाळला की तसाच टाकून दिला, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या गर्दीतली माणसं कधीच चॅपलच्या आवारात जाऊन निजली होती.

हिवाळाभर विल्फ मंगळवारी एनिडकडे जेवायला येत असे. लॉरेनला आधी नवल वाटलं, मग ती त्याला घरी सोडायला लागली. गाडीत तो तिला सांगायचा, "तुझ्या आईला फुटबॉलमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं," आणि लॉरेन म्हणायची, "काका, तिने बॉल तरी पाहिलाय का कधी?" मार्चमध्ये त्याला थंडी भरली, छातीत कफ झाला, आणि आठवड्याभरात तो गेला.

चॅपल भरलं होतं. क्लबने फुलं पाठवली होती, आणि नव्या संघातली चार पोरं कोट-टाय घालून मागच्या बाकावर अवघडून बसली होती. पाद्री तरुण होता, बाहेरगावचा. एकावन्न सालाबद्दल तो जपून बोलत होता. विल्फचं दुःख, विल्फचं मौन. एनिड पहिल्या बाकावर बसली होती, विल्फच्या पुतण्याशेजारी.

तेवढ्यात तिच्या डाव्या कानात, जो कधीच गेला होता, एक ठोका आला. चामड्याचा जड बॉल गोठलेल्या जमिनीवर पडावा तसा. मग पावलं. गर्दी नाही, माणसांचा गलका नाही. फक्त पावलं, मागच्या आवारातून, थडग्यांमधून, वेगाने पळणारी. खिळ्यांचे बूट आणि त्यांच्यात एक जोड वेगळा. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. ठोका, धाव, ठोका. आपल्याला हे कधीच ऐकू आलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. हे त्याचं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. लॉरेन रुमालाने नाक पुसत होती. म्हातारे खाली पाहत होते. त्या चार पोरांपैकी एकाने मात्र मान वर केली होती आणि तो खिडकीच्या रंगीत काचेकडे पाहत होता, भुवया आवळून, बाहेर कोण खेळतंय असं विचारावं की नाही अशा चेहऱ्याने.

बाहेर कुणीतरी ओरडलं, तरुण, दम लागलेला आवाज, "इकडे, विल्फ!"

पाद्र्याने भजनाचा क्रमांक सांगितला. सगळे उभे राहिले. एनिडही उभी राहिली, पण गायली नाही. ऑर्गनच्या आवाजाखाली पावलं हळूहळू लांब, ओढ्याच्या बाजूला जात होती, आणि जोवर ती ऐकू येत होती तोवर तिला तोंड उघडायचं नव्हतं.